जीवराम आबांची वही आणि नवमीची चार घरं

मोहरखेड्याच्या ग्रामपंचायतीत मरणाची वही ज्याच्या ताब्यात, त्याचं नाव जीवराम. हा विनोद गावानं पहिल्याच आठवड्यात करून घेतला आणि पुढं वीस वर्षं पुरवून पुरवून वापरला. कोणी खाटेला खिळलं की शेजारी बजावायचे, "जीवराम आबांशी गोडीनं राह्य बाबा, टाक त्यांच्या हातात आहे." आबाही टोपी सारखी करत म्हणायचे, "घाबरू नका. खबर दिल्याशिवाय मी कोणाला मारत नाही."

आबांकडे टाक दोन होते. जन्म लिहायचा तो नव्या निबाचा, मरण लिहायचं तो जुन्या. तसा सरकारी हुकूम नव्हता, पण पाळण्यातल्या पोराचं नाव आणि सरणावरच्या म्हाताऱ्याचं नाव एकाच निबानं लिहायला त्यांचा हात धजत नसे. खबर द्यायला आलेल्या माणसाला मात्र ते दुःख विसरायला लावत.

"वय काय होतं?"

"अशीन साठ-सत्तर."

"साठ का सत्तर?"

"तुमी मधलं लिवा ना आबा. त्याले आता काय फरक पडतो?"

मेलेल्याला पडत नसे, आबांना पडे. मग ते हळूच आडवळणानं शिरत. मोठा पूर आला तेव्हा मिशी फुटली होती का? प्लेगात गावाबाहेर झोपडीत राहिला तेव्हा लग्न झालं होतं का? असं करत करत ते त्या मेलेल्या माणसाला चौसष्टाव्या वर्षापर्यंत आणून सोडत आणि समाधानानं टाक बुडवत.

एकोणसत्तर सालच्या पावसाळ्यात आबांनी पंचायतीची जुनी लोखंडी पेटी उघडली. आत लाल फडक्यात बांधलेलं अभिमन कोतवालाच्या काळातलं दप्तर होतं. अभिमनला अक्षर येत नव्हतं. तो घरोघर फिरायचा, कोण गेलं ते डोक्यात ठेवायचा आणि संध्याकाळी पोलीस पाटलाच्या लेखनिकासमोर उभा राहून एका दमात सांगायचा. आबांनी अडतीस ते सत्तेचाळीस अशी दहा वर्षं तिथून काढली, साठ ते एकोणसत्तर अशी दहा स्वतःच्या वहीतून, आणि शाळेच्या मास्तरांकडून चौकटीचा कागद मागून आणला.

म्हातारे त्याही काळी मरत होते, आताही मरत होते. ती काही बातमी नव्हे. आबांचा डोळा होता अठरा ते चाळिशीच्या माणसांवर. दहावं करून लोक घरी येतात आणि बघतात तर चुलीपुढं कोणी नाही, बैलापुढं कोणी नाही, ते मरण त्यांना मोजायचं होतं. त्यांची थोरली बहीण, अक्का, एकेचाळीस साली पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि याच गावात एकोणिसाव्या वर्षी गेली. आबा तेव्हा सोळा वर्षांचे होते. दाईला आणायला तेच पळाले होते.

चार महिने खपून हिशेब निघाला. जुन्या दहा वर्षांत तरुण माणसं गेली एकसष्ट. त्यात बायका चौतीस. नव्या दहा वर्षांत सगळी मिळून अकरा, आणि त्यात बाई फक्त एक. तीही सर्पदंशानं.

आबा कागद उलटा धरून बघायचे, सुलटा धरून बघायचे. आकडा बदलत नव्हता. हिवतापाची फवारणी आली, देवीची टोचणी आली, तालुक्याला दवाखाना आला, हे सगळं ते ऐकून होते. पण आपल्याच अक्षरात ते असं दिसेल, असं त्यांना वाटलं नव्हतं. तो कागद तालुक्याला गेला आणि तिथल्या समारंभात आबांना प्रमाणपत्र मिळालं, 'तरुण वयोगटातील मृत्यूंत उल्लेखनीय घट'. आबांनी ते चौकटीत घालून गणपतीशेजारी खिळ्यावर लावलं.

त्याच समारंभात दुसरं प्रमाणपत्र शेजारच्या कानळवाडीच्या कारकुनाला मिळालं. त्याचं नाव पुना. मूळचा धुळ्याकडचा, नोकरीसाठी इकडं येऊन रुजलेला. दर महिन्याच्या पाच तारखेला दोघं आपापली उतरण, म्हणजे वहीतल्या महिन्याच्या नोंदींची नक्कल, घेऊन तालुक्याला जात आणि परतताना मोटारस्टँडवर एका बशीत भजी खात. आबांना सख्खा भाऊ नव्हता. पुना होता म्हणून त्यांना ते कधी जाणवलं नव्हतं.

दोघांत एक जुना करार होता. मोहरखेडं आणि कानळवाडी यांच्यात सोयरिकी इतक्या, की निम्म्या लेकी इकडून तिकडं आणि निम्म्या तिकडून इकडं. पहिलं बाळंतपण माहेरी. आता एखादी माहेरी येऊन गेली, तर तिला लिहायचं कोणत्या गावच्या वहीत? पुनानंच सुचवलं होतं, "भाऊ, लगीन व्हयनं का लेक सासरनी. तठलीच वहीमा लिखो." म्हणजे तुझ्या गावात माझी सून गेली तर तू मला चिठ्ठी दे, माझ्या गावात तुझी सून गेली तर मी तुला देतो. आबांना ते पटलं. दुबार नोंद होऊ नये, यासारखं दुसरं पुण्य त्यांच्या लेखी नव्हतं. दहा वर्षांत त्यांनी पुनाला सात चिठ्ठ्या दिल्या. नाव, वय, तारीख, कारण, खाली सही.

आता सुमनबाईंबद्दल. या आबांच्या पत्नी. पितृपक्षातली नवमी हा त्यांचा मानाचा दिवस. नवरा जिवंत असताना जी बाई गेली, तिच्या नावानं त्या दिवशी घरी सवासीन बोलवायची, पुरणपोळी जेवू घालायची, ओटी भरायची. सवासीन जितकी पोटभर जेवते तितकी गेलेली तृप्त होते, अशी समजूत. या बाबतीत सुमनबाईंच्या तोडीची सवासीन पंचक्रोशीत नव्हती. त्या जेवायला बसल्या की पितर ढेकर देतात, असं गावातल्या बायका म्हणत. त्यांच्या या मानाचा जामीन अर्थातच आबा. त्यामुळं नवमीच्या आदल्या दिवशी आबा ओट्यावरून उतरायला लागले की घरातून आवाज यायचा, "जपून हो! उद्या चार घरची बोलावनी आहेत."

सत्तर साली त्यांची एकुलती एक लेक कुंदा सातव्या महिन्यात माहेरी आली. जावई रतिलाल मूळ कानळवाडीचा, दीपनगरच्या वीजकेंद्रात फिटर, तिथंच वसाहतीत राहणारा. नवमीच्या सकाळी त्याचं पत्र आलं. बाळंतपण भुसावळच्या दवाखान्यात करू, मी डॉक्टरांशी बोलून ठेवलं आहे, आबांनी राग मानू नये.

आबांनी राग मानला नाही. ते हसले.

"मशीनवरचा माणूस आहे. त्याला वाटतं, बिघाड होणारच. कुंदा, तो कागद बघ भिंतीवरचा. दहा वर्षांत या गावात बाळंतपणात एक बाई गेली नाही. माझ्या हातची वही आहे. भुसावळला असं कोण लिहून देईल तुला?"

"पन आबा, ते म्हनतात, रगत लागलं तं तिथं बाटली भेटते."

"लागलं तर ना? इथं लागतच नाही."

सुमनबाई नवी साडी नेसून निघाल्या होत्या. उंबऱ्यात थबकल्या, मग पायरी उतरल्या. पहिल्या घरी पानं मांडून झाली होती.

दुपारी उन्हं कलताना त्या परत आल्या. पदरात नारळ, खण, ओटीचे गहू. खांबाला टेकून बसल्या आणि तांब्याभर पाणी प्यायल्या. आबांना विनोदाची लहर आली.

"किती घरं झाली?"

"चार."

"वा! म्हणजे अभिमन कोतवालाच्या काळातल्या बाया अजून तुला जेवू घालताहेत. जुनं धान्य, कसदार असतं."

सुमनबाईंनी नारळ खाली ठेवला. "जुन्या कोनच्या हो?"

"मग? माझ्या वहीत दहा वर्षांत..."

"तुमच्या वहीत कोनी मरत नाही ना? मंग मी आज कोनाच्या नावानं जेवून आली?" त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. "मगनची सून इंदू. झिपरूची बायको कोकिळा. त्या आळीतली लीला. देवळामागची यशोदा. चारी घरी दुसरीनं वाढलं, पहिलीच्या नावानं. यशोदाच्या पाटावर बसली तं माह्या घशाखाली घास उतरे ना. दोन वर्सं नाही झाली तिले, डोयासमोर पोर व्हती. या जुन्या का?"

आबा म्हणाले, "त्या कानळवाडीच्या लेकी. तिकडं गेल्या."

"तिकडं गेल्या म्हनजे मेल्या नाही का?"

आबांना चौघी माहीत होत्या. चौघींच्या दहाव्याला ते नदीवर जाऊन आले होते. प्रत्येक वेळी घरी येऊन, हात-पाय धुऊन त्यांनी मनाशी म्हटलं होतं, पुनाची चिठ्ठी आली की लिहू. चिठ्ठी आली नाही. मग पुढच्या महिन्याची उतरण आली, पेरण्या आल्या, बाजार आला. आणि जे वहीत नाही ते आबांच्या डोक्यातही फार दिवस टिकत नसे.

"तू कधी बोलली नाहीस," ते म्हणाले.

"मी काहून बोलू? मले वाटे, तुमी लिवत असान. तुमी तं मेल्या माशीचं बी वय इचारता!"

कुंदा दाराच्या चौकटीला धरून उभी होती. कोणी तिच्याकडं बघितलं नाही. आबांनी टोपी घातली आणि सायकल काढली.

कानळवाडी दोन कोस. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, मधून पाटाच्या कडेची वाट. आबा वाटभर पुनाची बाजू मांडत गेले. विसरला असेल. चिठ्ठ्या कोणाबरोबर पाठवल्या असतील, त्यानं हरवल्या असतील. निदान माझ्या सात तरी त्याच्या वहीत आहेत. म्हणजे हिशेब फार तर चारानं चुकला.

पुना ओट्यावर सुपारी कातरत बसला होता. "ये ये जीवरामभाऊ! इतला उनमा कसा काय उना? चहा ठेव व!" हे शेवटचं आतल्या बायकोला.

"चहा नको. तुझी वही दाखव. साठपासून."

पुनानं अडकित्ता खाली ठेवला. पुनाची एक खूण आबांना पाठ होती. मन मोकळं असलं की तो अहिराणी बोले आणि अडचणीत आला की दप्तरी मराठी.

"सदर वही सध्या कपाटात आहे," पुना म्हणाला.

आबांना ती खूण पुरली. ते ओट्यावर चढून बसले.

वही आली. आबांनी साठ ते सत्तर सगळी पानं उलटली. त्यांच्या सातही जणींपैकी एकीचंही नाव नव्हतं. तरुण बायकांच्या रकान्यात दर वर्षी एक सुबक शून्य. पुनाचं शून्य फार देखणं असे.

"माझ्या चिठ्ठ्या?"

पुना आत गेला आणि पंचांगाच्या मागं दोऱ्यानं बांधलेली पुरचुंडी घेऊन आला. "बठ्ठ्या शेतस. एक बी फाडेल नही. कागद फाडानं पाप मी नही करस."

सात चिठ्ठ्या, तारीखवार लावलेल्या, कोपरेही न दुमडलेले. आबांना वाटलं, याच्यापेक्षा यानं त्या चुलीत घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"लिहिल्या का नाहीस?"

"लिहिल्या असत्या तर कारण लिहावं लागलं असतं. कारण लिहिलं की वरून विचारणा, वरिष्ठांची भेट, जबाब. आमचे सरपंच म्हणाले, जी बाई आपल्या हद्दीत मेली नाही ती आपण का ओढवून घ्यावी?"

"आणि तुझ्या हद्दीत मेल्या त्या आमच्या चार सुना?"

"त्या करारानुसार आपल्या वहीत."

"चिठ्ठी कुठं दिलीस?"

आता मात्र पुना दप्तरी मराठीतूनच, पण डोळ्याला डोळा देऊन बोलला. "आपण मला सात चिठ्ठ्या दिल्यात. मी आपणास एकही दिली नाही. दहा वर्षांत, दर महिन्याला, एका बशीत भजी खाताना आपण एकदा तरी विचारलंत का, की पुना, तुझ्याकडून एकही चिठ्ठी कशी येत नाही? आणि त्या सात जणी आपल्या उंबऱ्यात मेल्या. आपण त्यांना आपल्या वहीत का घेतलं नाहीत?"

आबांनी पुरचुंडीचा दोरा पुन्हा बांधला. त्यांनी चिठ्ठ्या उचलल्या.

"पोच," पुना म्हणाला.

"काय?"

"दप्तरी कागद आहे. परत नेताय, तर पोच द्यावी लागेल."

आणि जीवराम आबांनी, ज्यांच्या पायाखालची जमीन त्या घटकेला अर्धी सरकली होती, त्यांनी कागद मागून घेतला आणि स्वच्छ अक्षरात लिहून दिलं, सात चिठ्ठ्या मिळाल्या. खाली सही केली. खंत कितीही असो, पोच तर द्यावीच लागते.

दिवेलागणीच्या आत ते पंचायतीत पोचले. पेटी उघडून त्यांनी अभिमनची एकेचाळीस सालची पानं काढली. अक्काचं नाव त्यांना तोंडपाठ होतं, पण नावापुढचा शेरा त्यांनी आजवर नीट वाचला नव्हता. 'वय १९. या गावची लेक, बाळंतपणास आली होती.' पुढची पानं चाळली. 'या गावची सून, माहेरी वारली.' अभिमनला कोणी करार सुचवला नव्हता. इथं मेलेली लेक त्यानं सांगितली आणि तिकडं मेलेली सूनही सांगितली. ज्या घरात रडणं ऐकू आलं ते घर तो बोलला. आबांच्या कागदावर एका अंगाला अभिमनची चौतीस होती आणि दुसऱ्या अंगाला करारानं गाळून उरलेली एक. त्यांनी चिठ्ठ्या मोजल्या, नवमीची घरं मोजली. सात आणि चार अकरा. सर्पदंशवाली धरून बारा. चौतिसापेक्षा कमी, हे खरं. बरंच कमी, हेही खरं. पण ज्या कागदाच्या जिवावर ते सकाळी हसले होते, तो कागद हा नव्हता.

मग त्यांच्या ध्यानात आलं ते अगदी साधं होतं. कुंदा लेक. ती इथं गेली असती, तर तिचं नाव या वहीत आलं नसतं. त्यांनीच तिची चिठ्ठी केली असती. नाव, वय, तारीख, कारण.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारीनं आबा कुंदाला घेऊन निघाले. सातव्या महिन्यात माहेरी आणलेली लेक बाळंतपणाआधी परत पोचवायला निघालेला बाप मोहरखेड्यानं पहिल्यांदाच पाहिला. पारावरून आवाज आला, "काय आबा, पोरीचं खाणं जड झालं का?" आबांनी उलट विनोद केला नाही. लोक त्यामुळंच जास्त गोंधळले.

मार्गशीर्षात भुसावळच्या दवाखान्यात कुंदा बाळंत झाली. मुलगी झाली. काहीही बिघडलं नाही. रक्ताची बाटली लागली नाही, डॉक्टरही धड जागेवरून उठले नाहीत, नर्सनंच सगळं उरकलं. विहीणबाई बघायला आल्या आणि पाळण्याशी उभ्या राहून म्हणाल्या, "एवढ्यासाठी का एवढा पसारा? हे तं घरी बी झालं असतं." आबा खाली मान घालून चहा प्यायले. काय सांगणार? जे घडलं नाही त्याची नोंद कुठल्याच वहीत होत नसते.

गावी येऊन त्यांनी अकरा नावं लिहायला घेतली. सात चिठ्ठ्यांवरून झाली. चौघींसाठी घरोघर गेले. मगनच्या मुलानं अंगणातच विचारलं, "आता कायले आबा?" आणि वय विचारल्यावर म्हणाला, "अशीन वीस-बावीस."

"वीस का बावीस?"

"तुमी मधलं लिवा ना."

चुलीपुढून त्याची दुसरी बायको म्हणाली, "बावीस. मी दर नवमीले तिच्या नावानं पान वाढते, मले ठावकं आहे."

आबांनी बावीस लिहिलं. जुन्या टाकानं, लाल शाईनं, शेरा 'उशिरा नोंद'.

दोन महिन्यांनी तालुक्याहून पत्र आलं. मोहरखेडे येथे तरुण स्त्रियांच्या मृत्यूंत अकस्मात झालेल्या वाढीचा तात्काळ खुलासा करावा. आबांनी एका ओळीत खुलासा केला, 'मरण वाढलेलं नाही, लिहिणं वाढलं आहे.' त्यावर दुसरं पत्र आलं, प्रमाणपत्र परत पाठवावे. आबांनी ते चौकटीतून काढून पाठवलं. चौकट माळ्यावर गेली. रिकाम्या खिळ्यावर सुमनबाईंनी पिठाची चाळणी लावली. ती गणपतीशेजारी शोभत नव्हती, पण निदान रोज उपयोगी पडत होती.

पाच तारखेला आबा तालुक्याला जात राहिले. मोटारस्टँडवर सवयीनं "एक बशी, दोघांत" असं तोंडातून जायचं आणि मग सगळी भजी एकट्यालाच संपवावी लागायची. पुना पलीकडच्या बाकावर पेपर वाचत बसे.

त्या वर्षीच्या समारंभाला सगळ्या कारकुनांना हजर राहायचा हुकूम होता, म्हणून आबा गेले. व्यासपीठावर या वेळी प्रमाणपत्र एकच होतं, कानळवाडीचं. तरुण स्त्रियांचे मृत्यू, सलग अकराव्या वर्षी, निरंक. टाळ्या झाल्या. आबांचे हात मांडीवरच राहिले. त्या निरंकात मोहरखेड्याच्या चार सुना होत्या, आणि त्यांचे डोळे ज्यांनी मिटले ते लोक याच मांडवात टाळ्या वाजवत होते.

कार्यक्रम संपल्यावर पुना गळ्यातला हार सावरत थेट आबांकडं आला. वर्षभरात पहिल्यांदा. हातात पेढ्याचा पुडा. चेहरा अगदी पूर्वीचा, एका बशीतून भजी खाणाऱ्याचा.

"ले ना भाऊ," तो म्हणाला. "गोड शे."

आबांनी पुड्याकडं बघितलं. मग टोपी घातली आणि मोटारीच्या भाड्याचे सुटे पैसे खिशातून काढले.

"राहू दे पुना," ते म्हणाले. "पोच लिहायला माझ्याजवळ कागद नाही."